नवव्या लेव्हलचा विझार्ड आणि कंटाळलेला फायटर

प्रश्न थोडक्यात असा: "आम्ही इंदूरचे पाच जण दर रविवारी डंजन्स अँड ड्रॅगन्स या फासे टाकून आपापलं पात्र रंगवायच्या खेळाची पाचवी आवृत्ती खेळतो, नियम २०१४चे. मी डीएम, म्हणजे गोष्ट चालवणारा आणि नियमांचा निवाडा करणारा. गोष्ट १८१८च्या माळव्यातली, जादू मिसळलेली. फायटर (योद्धा), विझार्ड (जादूगार), रोग (चोर) आणि क्लेरिक (पुजारी), सगळे नवव्या लेव्हलला. विझार्ड माझ्या मामेभावाचा आहे आणि तो प्रत्येक लढाई दोन टर्नमध्ये गुंडाळतो. फायटर खेळणारा मित्र म्हणतो, मी नुसता फासे टाकायला येतो. त्याचा फायरबॉल, म्हणजे आगीच्या गोळ्याचा मंत्र, कमी करू? फायटरला जादूची तलवार देऊ? की राक्षस आणखी तगडे करू?"

तुम्ही बरंच सांगितलंत, पण सगळं जिच्यावर अडलंय ती एक गोष्ट राहिली. तुमची पात्रं झोपतात कधी? एका लाँग रेस्टपासून (रात्रभराची झोप, जिच्यात खर्चलेल्या शक्ती परत भरतात) दुसऱ्या लाँग रेस्टपर्यंत किती लढाया होतात, हे मोजल्याशिवाय फायरबॉलला हात लावू नका.

मी पाहिलेल्या बहुतेक टेबलांवर, मग ते रामबागेतल्या गच्चीवरचं असो की विजयनगरच्या फ्लॅटमधलं, रविवारचा साचा एकच असतो. अकराला जमायचं, पोहे-जलेबी आटोपेपर्यंत बारा, मग तासभर गोष्ट, एक दणदणीत लढाई, आणि तीनच्या सुमारास डीएम म्हणतो, "चला, रात्र झाली, सगळे झोपले." पुढच्या रविवारी सगळ्यांचे सगळे स्लॉट, म्हणजे स्पेल (मंत्र) टाकायचा साठा, भरलेले. या साच्यात विझार्ड भारी पडणारच, त्यात तुमच्या मामेभावाचं कौशल्यही नाही आणि दोषही नाही.

हिशोब करून बघा. नवव्या लेव्हलच्या विझार्डकडे १४ स्पेल स्लॉट असतात: पहिल्या पातळीचे ४, दुसरीचे ३, तिसरीचे ३, चौथीचे ३, पाचवीचा १. लढाईचा रंग बदलणारे स्पेल तिसऱ्या पातळीपासून सुरू होतात, म्हणजे असे स्लॉट ७. दिवसात एकच लढाई आणि ती चार टर्नची असेल, तर दर टर्नला एक मोठा स्पेल टाकूनही तीन शिल्लक राहतात. जपून वापरण्याचं त्याला कारणच नाही. आता तोच दिवस सहा लढायांचा धरा. चोवीस टर्न होतात आणि मोठे स्लॉट तेच सात. आर्केन रिकव्हरीने (दिवसातून एकदा थोडे स्लॉट परत मिळवायची सोय) एखाद-दुसरा वाढला तरी फार फरक पडत नाही. उरलेल्या टर्नना तो फायर बोल्ट मारणार: दहा बाजूंचे दोन फासे, सरासरी ११. तुमचा फायटर दोन हातांची मोठी तलवार धरून दर टर्नला दोन वार करतो. स्ट्रेंथ (ताकद) २० असेल तर एका वाराची सरासरी १२, दोन्ही लागले तर २४. पहिल्या टर्नला जेवढे तेवढेच विसाव्याला. शिवाय त्याचा ॲक्शन सर्ज (एका टर्नमध्ये जादा ॲक्शन) शॉर्ट रेस्टला, म्हणजे तासाभराच्या विश्रांतीला, परत येतो, विझार्डचे स्लॉट आर्केन रिकव्हरी सोडली तर येत नाहीत.

२०१४च्या डंजन मास्टर्स गाईडमध्ये हे गृहीतक स्वच्छ लिहिलेलं आहे: पात्रांचा गट एका दिवसात मध्यम ते कठीण असे सहा ते आठ सामने झेलू शकतो, आणि मध्ये साधारण दोन शॉर्ट रेस्ट होतात. सगळे क्लास (पात्रांचे प्रकार) या दिवसावर बेतलेले आहेत. आपण खेळतो एका लढाईचा दिवस आणि मग क्लासना नावं ठेवतो.

यावर लगेच उत्तर येतं की भिया, तीन तासांत सहा लढाया कुठून आणायच्या? आणायच्याच नाहीत. रविवार संपला म्हणून पात्रांची रात्र होत नाही, एवढंच टेबलावर ठरवून टाका. सेशन संपलं की प्रत्येकाने आपल्या पात्राच्या शीटचा फोटो काढायचा: किती हिट पॉइंट (जीव) उरले, कोणते स्लॉट गेले. पुढच्या वेळी तिथूनच सुरुवात. खेळातला एक दिवस तीन रविवार चालला तर चालू द्या. आणि सामना म्हणजे दरवेळी लढाईच असं नाही. स्लॉट, हिट पॉइंट किंवा वेळ यांपैकी काहीतरी खर्च करायला लावणारी कुठलीही अडचण मोजा: पूर आलेली नदी, बंद दरवाजा, संशय घेणारा ठाणेदार.

यापुढची पायरी म्हणजे लाँग रेस्ट फक्त सुरक्षित जागी. मी स्वतः टेबल याच नियमाने चालवतो आणि तुमच्या गोष्टीला तर तो चपखल बसेल. समजा, इंदूरहून महेश्वरला एक मोहरबंद खलिता पोचवायचा आहे. अंतर सुमारे ऐंशी-नव्वद किलोमीटर. पुस्तकातल्या साध्या चालीने दिवसाला २४ मैल, म्हणजे ३८ किलोमीटरच्या आसपास. अडीच दिवसांचा रस्ता. मंदसौरचा तह ६ जानेवारी १८१८ला झाला आणि त्याच वर्षी महूला इंग्रजांची छावणी पडली, म्हणजे तिथून लपतछपत जायचं. पुढे अहिल्याबाईंनी बांधवलेला जाम दरवाजा, मग घाट उतरून निमाड. नियम असा ठेवा की इंदुरात आणि महेश्वरात लाँग रेस्ट, वाटेत झोपलं तर शॉर्ट रेस्टचाच फायदा. महूची गस्त, घाटात दबा धरलेले पिंढारी, दरवाज्यापाशी अडवणूक, नर्मदेच्या अलीकडे शेवटची मारामारी. चार-पाच सामने, दोन-तीन रविवार, एकच लाँग रेस्ट. मामेभाऊ पहिल्याच गस्तीवर फायरबॉल टाकण्याआधी विचार करेल, आणि त्या विचारातच फायटरची जागा तयार होते.

पुस्तकात याहून कडक पर्याय दिलेला आहे: शॉर्ट रेस्ट आठ तासांचा, लाँग रेस्ट सात दिवसांचा. ऐकायला छान वाटतो, पण स्पेलची मुदत तशीच राहते. मेज आर्मर, विझार्डचं जादूचं कवच, आठ तास टिकतो. सात दिवसांच्या रेस्टमध्ये विझार्ड रोज त्यावर एक स्लॉट घालवत बसतो. सुरक्षित जागेचा नियम वापरला तर ही खिटखिट बरीच कमी होते.

इथे एक स्पेल तुमचा बेत उधळेल, त्याची तयारी आधीच ठेवा. लिओमंड्स टायनी हट. तिसऱ्या पातळीचा, पण रिच्युअल (सावकाश विधी) म्हणून केला तर स्लॉट लागत नाही. अकरा मिनिटांत घुमट उभा, आठ तास आत सगळे निवांत. जंगलाच्या मधोमध लाँग रेस्टची सोय विझार्ड स्वतःच करून घेतो. बंदी घालू नका. सुरक्षित जागेचा नियम त्याला आधी समजावून सांगा: घुमटात झोप मिळते, पाऊस लागत नाही, पण स्लॉट भरत नाहीत. हे पटत नसेल तर वेळेचं बंधन घाला. खलिता अमावस्येच्या आत पोचायला हवा. आणि घुमट बाहेरून दिसतो, हेही विसरू नका. पिंढाऱ्यांना घाई नसते. ते आठ तास बसून भोवती खड्डे खणतील.

आता थोडा इतिहास, कारण तुमच्या फायटरचं दुखणं नवं नाही आणि त्यावरचा जुना उपाय तुमच्या उपयोगाचा आहे.

गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नसन यांनी १९७४ साली हा खेळ आणला तो सैन्याच्या छोट्या बाहुल्यांच्या खेळातून. तेव्हापासून जादूगाराचा सौदा ठरलेला होता: सुरुवातीला फुंकर मारली तर मरेल असा, पुढे सगळ्यांच्या वर. जगलास तर राज्य कर. त्याला आणखी एक लगाम होता, लेव्हल वाढवायला लागणारे अनुभवाचे गुण क्लासगणिक वेगळे. ॲडव्हान्स्ड डंजन्स अँड ड्रॅगन्सच्या दुसऱ्या आवृत्तीत दुसऱ्या लेव्हलला जायला चोराला १,२५० गुण पुरत, फायटरला २,०००, जादूगाराला २,५००. आणि त्याहून मोठी गोष्ट त्याच्याच पहिल्या आवृत्तीतली. नवव्या लेव्हलला पोचलेल्या फायटरने गढी बांधली, मुलूख साफ केला, की त्याच्या नावावर शिपाई येऊन मिळत. म्हणजे ज्या टप्प्यावर जादूगार पाचव्या पातळीचे स्पेल टाकायला लागे, त्याच टप्प्यावर फायटर माणसांचा धनी होई. एकाकडे मंत्र, एकाकडे फौज.

२०००च्या तिसऱ्या आवृत्तीने सगळ्यांचा गुणांचा तक्ता एक केला. सुटसुटीतपणा आला, पण लगाम गेला. फौजही फायटरच्या हक्कातून निघून गेली आणि कोणीही घ्यावा असा एक पर्याय बनली. जादूगारांचं मात्र काहीच कमी झालं नाही. त्या काळात ड्रूइड (निसर्गाची जादू करणारा) स्वतः अस्वल होऊन, शेजारी दुसरं अस्वल उभं करून, वर स्पेल टाकत असे आणि फायटर दोन्ही अस्वलांच्या मागे उभा. २००८च्या चौथ्या आवृत्तीने हे दुखणं मुळापासून काढलं: प्रत्येक क्लासला कायम वापरायच्या, सामन्यागणिक आणि दिवसागणिक अशा शक्ती एकाच मापाने. समतोलाच्या दृष्टीने ती आजवरची सर्वात प्रामाणिक आवृत्ती आहे असं मी मानतो. पण सगळे क्लास सारखेच वाटतात म्हणून बऱ्याच लोकांनी ती नाकारली. माणसांना समान वाटा हवा असतो, पण समान पात्रं नको असतात. २०१४ची पाचवी आवृत्ती पुन्हा वेगळेपणाकडे वळली आणि समतोलाची जबाबदारी त्या सहा-आठ सामन्यांच्या दिवसावर टाकून मोकळी झाली.

तुमचा फायटर आज बरोबर नवव्या लेव्हलला आहे आणि तुमची गोष्ट १८१८च्या माळव्यात आहे. यापेक्षा चांगला योग कुठला? २१ डिसेंबर १८१७ला महिदपूरला होळकरांचा पराभव झाला. त्यानंतरचे रस्ते धनी नसलेल्या स्वारांनी भरलेले दाखवा. शिलेदार, ज्याचा घोडा स्वतःचा. बारगीर, ज्याला घोडा सरकारी. कोणीतरी नाव घेण्यासारखा माणूस दिसला तर ही मंडळी त्याच्याभोवती जमणारच. तुमच्या फायटरने आतापर्यंत गाजवलेली एखादी लढाई असेलच. तिची बातमी गावात पोचलेली दाखवा. पुढच्या रविवारी दहा-बारा स्वार येऊन विचारू देत, "आम्हाला पदरी ठेवता का?" मग एक पडकी गढी द्या, दोन गावांचा वसूल द्या, आणि वसुलीवरून भांडणही द्या.

हे स्वार लढाईत उतरवायचे नाहीत, नाहीतर दर टर्नला बारा फासे टाकत बसाल आणि रोगची पाळी येईपर्यंत पोहे शिळे होतील. ते लढाईबाहेर उपयोगी: रात्री पहारा, दोन वाटांवर एकाच वेळी टेहळणी, निरोप घेऊन इंदूरला जाणं, महूच्या छावणीत कोण आलं-गेलं याची खबर. फायटरची खरी गरिबी तिथेच आहे. लढाईत तो तसा बरा असतो. लढाई संपली की विझार्ड उडतो, अदृश्य होतो, कुलपं उघडतो आणि फायटर तलवार पुसत बसतो.

यातच तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आलं. नुसती फाशाला अधिक दोन देणारी जादूची तलवार देऊ नका. तिने आकडा वाढतो, निर्णय वाढत नाहीत. तो आधीसारखाच दोनदा फासे टाकेल, थोडे जास्त लागतील, कंटाळा तेवढाच. द्यायचीच तर अशी वस्तू द्या जिच्यामुळे तो असं काही करू शकेल जे टेबलावर दुसरं कोणी करू शकत नाही. एखाद्या सरदाराची मुद्रा, जी दाखवली की जुन्या मराठेशाहीतले किल्लेदार दरवाजा उघडतात. शिंद्यांचा असीरगड किल्ला १८१९पर्यंत इंग्रजांच्या हाती गेला नव्हता. तिथे विझार्डचा नॉक चालेलही, पण तो स्पेल ज्या आवाजाने कुलूप उघडतो तो ३०० फुटांपर्यंत ऐकू जातो. मुद्रा बिनआवाजी चालते.

हे नॉकचं उदाहरण मुद्दाम दिलं. विझार्डचे नियम बदलण्याआधी आहेत ते नियम पुरते लागू करा. इन्व्हिजिबिलिटी, म्हणजे अदृश्यता, वार केला किंवा स्पेल टाकला की जाते. बहुतेक स्पेल तोंडाने उच्चारावे लागतात, दरबारात हळूच टाकता येत नाहीत. फ्लायला, म्हणजे उडण्याच्या स्पेलला, कॉन्सन्ट्रेशन (सतत एकाग्रता) लागतं. उडणाऱ्याला बाण लागला तर कॉन्स्टिट्यूशनचा सेव्ह (तग धरण्यासाठी टाकायचा फासा), किमान १०चा, आणि चुकला की खाली. कॉन्सन्ट्रेशनचा स्पेल एका वेळी एकच. मी पाहिलेल्या निम्म्या "अति झालेल्या" विझार्डांनी एकाच वेळी दोन कॉन्सन्ट्रेशन धरलेले असतात आणि डीएमच्या लक्षातच येत नाही. टेबलावर विझार्डसमोर एक रंगीत सोंगटी ठेवा. स्पेल धरला की सोंगटी त्या कागदावर, दुसरा धरला की सोंगटी हलली आणि पहिला गेला. वादच नाही.

तिसरा प्रश्न, राक्षस तगडे करू का. हा सर्वात महागात पडणारा उपाय आहे, आणि नवा डीएम सगळ्यात आधी तोच करतो. समजा, टेबलावर एकाचा हल्ल्याचा बोनस (वीस बाजूंच्या फाशात मिळवायचा आकडा) अधिक ११ आहे, दुसऱ्याचा अधिक ७. आर्मर क्लास (वार लागायला गाठायचा आकडा) १५च्या शत्रूला पहिला ८५ टक्के वेळा लागतो, दुसरा ६५ टक्के. शत्रू सोपा पडतोय म्हणून तुम्ही आर्मर क्लास २० केलात. आता पहिला ६० टक्के, दुसरा ४०. आधी दुबळा जण बलवानाच्या तीन-चतुर्थांशाहून थोडा जास्त कामाचा होता, आता दोन-तृतीयांश उरला. बलवानाला वेसण घालायला गेलात आणि फटका दुबळ्याला बसला. राक्षसाचा मार वाढवला तरी तेच: बलवान वाचतो, दुबळा मरतो. त्यापेक्षा शत्रूंची संख्या वाढवा आणि त्यांना पांगवा. फायरबॉलचा घेर वीस फूट त्रिज्येचा आहे. सहा जण एकत्र उभे केलेत, निम्म्यांचा सेव्ह होऊन त्यांना अर्धाच मार बसला, तरी सरासरी १२६ हिट पॉइंट एका टर्नमध्ये जातात. घाटाच्या वाटेवर तेच सहा जण तीन ठिकाणी असतील तर दोघेच सापडतात. पिंढारी काही ओळीत उभे राहून लढणारे नव्हेत, ते विखुरलेलेच शोभतात. दोन धनुर्धारी विझार्डवर सोडा. मग तिथे पोचून त्याला वाचवणारा फायटर लागतो.

बरं, खरोखरच गणित बिघडलेलं असेल तर? तसं एखादं उदाहरण असतं, आणि तुमच्या लेव्हलला माझा संशय फायरबॉलवर नाही, ॲनिमेट ऑब्जेक्ट्सवर आहे. पाचव्या पातळीचा स्पेल, म्हणजे मामेभावाला तो नुकताच मिळू शकला असेल. २०१४च्या नियमात दहा लहान वस्तू, नाणी म्हणा, सुऱ्या म्हणा, उडवता येतात. प्रत्येकीचा हल्ला अधिक ८, मार सरासरी साडेसहा. आर्मर क्लास १६वर ६५ टक्के लागतात, म्हणजे दर टर्नला ४२च्या आसपास, तेही बोनस ॲक्शनमध्ये (टर्नमधली छोटी जादा कृती). मुख्य ॲक्शन मोकळीच. त्याच शत्रूवर तुमचा फायटर अधिक ९ने ७० टक्के लागतो आणि दोन वारांत सरासरी १७ काढतो. वर दहा फासे टाकायला लागणारा वेळ वेगळा. इथे कात्री लावणं योग्य आहे. २०२४च्या सुधारित नियमांनीही ती लावली आहे: वस्तूंची संख्या स्पेलकास्टिंग मॉडिफायरवर (पात्राच्या जादूच्या गुणाचा बोनस) बांधली. तुम्ही पाचच वस्तू म्हणा आणि पुढे चला. फायरबॉल मात्र राहू द्या. सगळ्यांना तो आवडतो, अगदी फायटरलाही, जर त्याच्या अंगावर पडला नाही तर.

कात्री लावायची पद्धत: सेशनच्या मध्ये कधीच नाही, आणि टेबलावर सगळ्यांसमोर नाही. आधी फोन करा. स्पेल बदलून घ्यायची मुभा द्या.

यातच तुमच्या टेबलाची एक गोष्ट, जी शीटवर कुठेच नाही. विझार्ड मामेभावाचा आहे. प्रश्नात तुम्ही लिहिलं नाहीत, पण तो वयाने मोठा असेल, तुम्ही त्याला दादा म्हणत असाल, आणि खेळ त्याच्याच घरी होत असेल तर पोहे मामींच्या हातचे असणार. अशा ठिकाणी डीएमच्या तोंडून "नाही" निघणं अवघड असतं. नियमाच्या वादात दादाचं म्हणणं अर्धवट नियमापेक्षा जड ठरतं. मराठी घरांतल्या टेबलांवर हे असंतुलन मी क्लासच्या असंतुलनाइतकंच पाहिलं आहे. यावर उपाय साधा: अधूनमधून दुसऱ्या घरी खेळा, आणि नियमाचा वाद दोन मिनिटांत मिटला नाही तर डीएम त्या वेळेपुरता निर्णय देईल, पुस्तक सेशननंतर उघडायचं, हे सर्वांनी आधी कबूल करायचं. दादालाही हे बहुधा आवडतं. विशेषतः त्याला मदतीला घेतलं तर. ज्याला नियम पाठ आहेत त्याला सांगा, "फायटरला हेस्ट टाकून बघ ना." त्या स्पेलने फायटरला दर टर्नला आणखी एक वार मिळतो आणि पळायची गती दुप्पट होते. कॉन्सन्ट्रेशन तुटलं तर फायटरची एक टर्न वाया जाते, त्यामुळे फायटरने विझार्डचं रक्षण करायचं. दोघांचे निर्णय एकमेकांत गुंततात.

फायटरवाल्या मित्रालाही एकट्याला गाठून विचारा, त्याला नक्की काय हवंय. "फासे टाकायला येतो" याचे अर्थ अनेक. काहींना खरंच तेवढंच हवं असतं, आणि मग तक्रार ही तक्रार नसून सवयीचा टोमणा असतो. काहींना बोलायचं असतं, पण इंग्रजी नियम आणि हिंदी-मराठी गप्पा यांत त्यांची गाडी सुरूच होत नाही. आपल्या इंदुरी मराठीत खेळा म्हणावं, "मी याला हाणतो" हेही रोलप्लेच आहे.

स्टॅट (स्ट्रेंथसारखे सहा गुण) फासे टाकून काढले असतील तर तेही एकदा तपासा. सहा बाजूंचे चार फासे टाकून सर्वात लहान काढून टाकायचा, या पद्धतीत एका प्रयत्नात १८ येण्याची शक्यता १.६ टक्के, चार खेळाडूंचे प्रत्येकी सहा असे चोवीस प्रयत्न धरले तर कुणालातरी १८ मिळण्याची शक्यता सुमारे ३२ टक्के. ते विझार्डला मिळालं आणि फायटर १५वर राहिला असेल, तर तो फरक दर टर्नला, पूर्ण कॅम्पेनभर भोवतो. पुढच्या वेळी फासे टाका, पण निघालेला एकच संच सर्वांनी वापरा.

काही खेळ असमतोल लपवतच नाहीत. १९८७च्या आर्स मॅजिकात जादूगार इतरांपेक्षा उघडपणे वरचढ आहेत. त्यावर तोड अशी की प्रत्येक खेळाडूकडे एक जादूगार, एक साथीदार असे वेगवेगळे असतात आणि आज कोण कोणता खेळेल ते आळीपाळीने ठरतं. १९८१चा कॉल ऑफ कथुलू दुसऱ्या टोकाचा: सगळेच इतके दुबळे की कोण भारी हा प्रश्नच पडत नाही, वाचनालयात जाणारा प्राध्यापक बंदूकवाल्याइतकाच कामाचा. तुमच्या मंडळींना विझार्ड वरचढच हवा असेल तर आर्स मॅजिकाची आळीपाळी उचला. एक रविवार सगळे फायटरचे स्वार बनून खेळा, विझार्ड घरी.

आणि एक गोष्ट आजच तपासा: फायटरचा सबक्लास, म्हणजे उपप्रकार. चॅम्पियन असेल तर निम्मा प्रश्न तिथेच आहे. चॅम्पियनचं मोठेपण म्हणजे २०बरोबर १९लाही क्रिटिकल, म्हणजे माराचे दुप्पट फासे. मोठ्या तलवारीवर क्रिटिकलने सरासरी ७ वाढतात, आणि ते पाच टक्के वेळा जास्त घडतं, म्हणजे एका वारामागे ०.३५. एवढ्यासाठी त्याने निर्णय घेण्याची सगळी सोय सोडून दिलेली आहे. त्याला बॅटल मास्टर करून द्या. नवव्या लेव्हलला आठ बाजूंचे पाच फासे आणि पाच डावपेच मिळतात: शत्रूला पाडणं, मागे ढकलणं, हातचं हत्यार सोडवणं, रोगला जादा वार करू देणं. हे फासे शॉर्ट रेस्टला परत येतात, म्हणून सुरक्षित जागेच्या नियमात तो आणखी फुलतो. दहाव्या लेव्हलला फासे दहा बाजूंचे होतात आणि डावपेच सात, तेव्हा बदल करायचा तर त्याआधीच करा. पाच डावपेचांची सवय झाली की पुढचे दोन निवडणं सोपं जातं. चॅम्पियनचा बॅटल मास्टर कसा झाला याचं कारण गोष्टीत हवंच असेल, तर गढीवर नव्याने आलेल्या स्वारांमध्ये एखादा जुना पट्टेबाज ठेवा.